हॅट उतरेपर्यंत

…तर अँब्रोज किटल रडला. कॅमेऱ्यासमोर दोन्ही गुडघे टेकून, नाकातोंडातनं पाणी गाळत रडला, इथवर काल आपण आलो होतो. पण तो का रडला ते सांगायचं राहिलंच, आणि खरी मजा तर तिथंच आहे.

अँब्रोज हा आमच्या ड्राय फोर्कचा पाणीवाला. खेचरावर पिंपं लादून वर खाणींवर पाणी पोचवायचा. ऑरिन टीगनं पहिला पिक्चर काढला तो आमच्याच गावात, आणि त्यात त्याला फासावर गेलेल्या मुलाच्या मातीवर रडणारा एक म्हातारा हवा होता. म्हणून अँब्रोजला उभा केला. आता अँब्रोज म्हणजे दोन बायका पुरूनही डोळ्याला बोट न लावलेला माणूस. सकाळपासून खटपट चाललेली. कांदा लावून झाला, मिरची लावून झाली, डोळे गाजरासारखे लाल झाले, पण टिपूस येईल तर शपथ. शेवटी ऑरिननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला जरा बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात सांगितलं, अँब्रोज, वाईट वाटतं सांगायला, पण तुझ्या जावयानं आज सकाळी पर्लला विकलं, जनावरं मारून हाडाकातड्याचा सरस उकळणारे ट्रक घेऊन आले आणि तिला घेऊन गेले. पर्ल म्हणजे ते खेचर. म्हातारा होता तिथंच खाली बसला. कॅमेरा ऑरिननं आधीच चालू करून ठेवला होता.

शॉट झाला. सगळे जेवायला पळाले. पर्ल मागं कुंपणात शेपटीनं माशा उडवत उभी आहे, हे म्हाताऱ्याला सांगायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. अँब्रोज तडक घरी गेला, दारामागचा फावड्याचा दांडा उचलला आणि जेवत बसलेल्या जावयाच्या खांद्याचं हाड मोडलं. जावयाला बिचाऱ्याला आपण काय केलं तेच कळेना. हाड बांधून घेतलं, बायकापोरं ट्रकात घातली आणि टूसॉनला निघून गेला. म्हाताऱ्याला लेक-नातवंडं पुन्हा दिसली नाहीत. हे ऑरिनला सांगायला मीच गेलो होतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खेचर बरं आहे ना?"

आणि अँब्रोज? तो पिक्चर गावात लागला तेव्हा म्हातारा रोज पहिल्या बाकावर जाऊन बसायचा, स्वतःला रडताना बघून पुन्हा रडायचा, आणि बाहेर आला की म्हणायचा, काय रडलोय बघा मी.

असा आमचा ऑरिन टीग. पुढं त्याचं नाव फार मोठं झालं, शहरातली शिकलेली माणसं त्याच्या पिक्चरवर लेख लिहायला लागली, पण आम्हाला तो कसायाचा ऑरिन. त्याच्या बापाचा कत्तलखाना शाळेच्या मागंच होता. मी, ऑरिन आणि लायल पेटिट, आम्ही तिघं त्या एका खोलीच्या शाळेत एकाच बाकावर वाढलो. शाळा सुटली की आम्ही नदीवर, आणि ऑरिन बापाच्या हाताखाली बादली धरायला. तो म्हणायचा, दुसऱ्यांच्या पिक्चरमध्ये माणसं मरतात आणि बघणारा शेंगा खात हसत घरी जातो. माझ्या पिक्चरमधनं तसं जाता यायचं नाही.

आणि खरंच, यायचं नाही. त्याच्या पिक्चरमधला शेरीफ खुन्याला पकडतो, पण फाशी देतो खुन्याच्या भावाला, आणि आपण चुकीचा माणूस लटकवतोय हे त्याला चांगलं ठाऊक असतं. विधवा नवऱ्याच्या मारेकऱ्याशीच लग्न लावते, का तर तो लाकडं चांगली फोडतो. चांगला कोण नि वाईट कोण ते शेवटपर्यंत कळत नाही, आणि मारामारी झाली की जिंकणाराच ओकतो. आमचा पाद्री रविवारी चर्चमध्ये या पिक्चरांच्या नावानं खडे फोडायचा आणि शनिवारी हॅट डोळ्यांवर ओढून मागल्या रांगेत बसलेला असायचा.

काम करायची त्याची रीत निराळी. नटाला वाक्यं पाठ करू द्यायचा नाही. दोन नट समोरासमोर असले की एकाला वेगळं घेऊन सांगणार, तू त्याला माफ करणार आहेस. दुसऱ्याला सांगणार, तो तुला आत्ता गोळी घालणार आहे. मग दोघांना सोडायचं आणि आपण खुर्चीत मागं टेकून बसायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, 'कट' म्हणून ओरडायचा नाही. ओरडलं की माणसांचे चेहरे मिटतात म्हणायचा. त्याऐवजी डोक्यावरची हॅट उतरवायचा. हॅट डोक्यावर आहे तोवर कॅमेरा चालूच राहणार, आणि आकाश कोसळलं तरी कुणी जागचं हलायचं नाही. भल्याभल्या नटांना त्या हॅटचं भय. वाक्यं संपलेली, करण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि समोर ती हॅट उतरत नाही. मग माणसं आतनं जे काढायची, ते ऑरिनला हवं असायचं.

आता लायलकडं येऊ, कारण ही गोष्ट जितकी ऑरिनची तितकीच लायलची.

लायल पडणारा माणूस. घोड्यावरनं, छपरावरनं, चालत्या गाडीवरनं. ऑरिनच्या प्रत्येक पिक्चरमध्ये लायल कुठंतरी मरायचाच. ओपलच्या खानावळीत शिरला की ओपल चुलीवरनंच विचारायची, "काय रे लायल, आज कुणी मारलं?" आणि हा म्हणायचा, "नाव काय विचारतेस, हलकाच होता कुणी." मी घोडेवाला, पिक्चरना घोडे पुरवायचो, तेव्हा त्याचं पडणं जवळनं बघितलंय. असं सुबक पडायचा की बघत राहावं.

पडणाऱ्यांची एक रीत असते. पडलं की मेल्यासारखं पडून राहायचं, शॉट संपेपर्यंत. पण खरोखर लागलं असेल तर एक हात वर करायचा. हात वर दिसला की सगळं थांबतं, माणसं धावतात, त्यात कमीपणा कुणी मानत नाही. लायल मानायचा. एवढ्या वर्षांत त्यानं एकदाही हात वर केला नव्हता. बरगडी मोडली तरी नाही, दात गेले तरी नाही. त्याची बायको नोरीन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची, जीभ तिची कातरीसारखी. ती म्हणायची, "याला उद्या खरंच मरण आलं तर देवाला कळायचं नाही, न्यायचं का हॅट उतरायची वाट बघायची."

तर तो नदीवाला पिक्चर. नोव्हेंबर महिना, पाणी असं गार की घोडेसुद्धा पाय आखडून घ्यायचे. शॉट असा होता: लायल घोडीवरनं नदी ओलांडत येतो, काठावरनं गोळी सुटते, घोडी आणि तो काठाशी पाण्यात कोसळतात. मग दोन नट उतारावरनं खाली येतात आणि गोळी कुणी घातली, का घातली यावरनं भांडतात. दोघंही सख्खे भाऊ, आणि पडलेला माणूस त्यांच्या बहिणीचा नवरा. घोडी माझी, डचेस. लगाम एका बाजूला ओढला की अंगावर पडायला शिकवलेली. शहाणी होती, पण दगडाला काय शहाणपण.

लायलनं नेहमीसारखं विचारून घेतलं. मी शेजारीच खोगिराचा पट्टा आवळत होतो. "पडल्यावर मेलो का जिवंत?" ऑरिन म्हणाला, "पड. पुढचं तुझं तू बघ." लायल हसला. त्याला त्यात काही नवं वाटलं नाही. मरायचंच असणार, दुसरं काय, असं समजून तो घोडीवर बसला.

मी पलीकडच्या काठावर दुसरी घोडी धरून उभा राहिलो. गोळीचा आवाज झाला, डचेस झकास पडली, पाणी उडालं. पडली ती एका मोठ्या दगडाला घासून आणि लायलवरनं लोळली. मग उठली, अंग झाडलं आणि पाण्यातनं सरळ माझ्याकडं आली. तिच्या पुढच्या गुडघ्यातनं रक्त येत होतं. मी तिला आवरत होतो, पण डोळे पलीकडं. लायल काठाशी उताणा पडलेला. अर्धं तोंड पाण्यात. मेलेला माणूस असाच पडेल, असा अगदी पडलेला. माझ्या मनात आलं, वा, पठ्ठ्या.

भाऊ खाली आले. भांडण लागलं. काय भांडले म्हणून सांगू, ते आजही लोक बघतात. वाक्यं संपली. हॅट उतरली नाही. मग ते मनचं बोलायला लागले. एकानं दुसऱ्याच्या थोबाडीत मारली, ती कागदावर नव्हती. दुसरा हसायला लागला, तेही कागदावर नव्हतं. तरी हॅट डोक्यावरच. कॅमेरा चाकांच्या पाटावर होता, ढकलणाऱ्याला ऑरिननं बोटानं काहीतरी खूण केली आणि तो हळूहळू पाण्याकडं सरकला. मला एक गोष्ट मात्र पलीकडनंही दिसली. ऑरिन नटांकडं बघत नव्हता. गुडघ्यावर कोपरं टेकून पुढं झुकला होता, आणि खाली पाण्याकडं बघत होता.

शेवटी कॅमेरावाला म्हणाला, रीळ संपलं. तेव्हा ऑरिननं हॅट काढली.

लोक टाळ्या वाजवायला लागले. दोघा भावांपैकी धाकटा झालेला नट लायलला उठवायला वाकला आणि तसाच मागं सरला, कारण लायलचा डावा पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळलेला होता आणि पाण्याची ओढ त्याला दगडावर खालीवर आपटत होती. सगळा वेळ तेच चाललं होतं. लायलचे ओठ निळे पडलेले. तोंड उघडल्यावर पहिलं काय विचारलं त्यानं? शॉट मिळाला का. कुणीतरी म्हणालं, मिळाला, लायल, असला मुडदा आजवर कुणी केला नाही. तेव्हा कुठं त्यानं डोळे मिटले.

पाय मांडीपासनं काढावा लागला. डॉक्टरनं नोरीनला एकटीला गाठून सांगितलं, बाई, मोड साधाच होता हो, ताबडतोब बाहेर काढला असता तर नुसता लंगडला असता. पाण्याच्या ओढीनं आतलं सगळं तोडून टाकलं. नोरीननं हे मला सांगितलं. लायलला नाही.

ऑरिन दवाखान्यात गेला नाही. दुसऱ्याच आठवड्यात तो उरलेलं काम करायला मेक्सिकोत गेला, तिकडनं आणखी कुठं. त्याला कुणाचं आजारपण बघवायचं नाही म्हणतात. असेल.

आणि तो पिक्चर असा गाजला म्हणता. त्यात नदीचा तो शॉट, त्याच्याबद्दल तर मोठ्या शहरातनं माणसं आमच्या गावापर्यंत यायची. कुठं झाला, कसा झाला, आणि तो पडलेला माणूस कोण. लायल कुबडी टेकत त्यांना नदीवर घेऊन जायचा. इथं मी पडलो, इथं डोकं, इथं पाय. मग न चुकता सांगायचा की मी चकार शब्द काढला नाही, बोट हलवलं नाही, म्हणून तो शॉट झाला. ऑरिनला पत्ताच नव्हता, त्याला कळतं तर बुटांसकट पाण्यात उडी मारली असती त्यानं, एका बाकावरचे आम्ही. पण त्याला कळूच दिलं नाही ना मी.

बघा, माणूस कशावरही जगतो. लायल त्यावर जगला. पाय गेला, धंदा गेला, चारा-पेंडीच्या दुकानात स्टुलावर बसून पावत्या फाडायचं काम उरलं, पण कधी कुरकुर नाही. आपण मित्रासाठी एक गोष्ट केली आणि ती जगानं पाहिली, एवढं त्याला पुरायचं. दुकानात कुणी टिंगल केली की लायल, तुझा मित्र एकदा तरी भेटायला आला का रे, तर म्हणायचा, "लाजतो तो. नकळत झालं तरी मनाला लागतंच की माणसाच्या." नोरीन हे ऐकायची आणि भांडी जरा जोरानं आदळायची, पण बोलायची नाही. तिला ठाऊक होतं, हे काढून घेतलं तर नवऱ्याकडं काही उरणार नाही.

मग ते घडलं. लायल म्हातारपणी छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला लागला होता, आणि टीव्हीवर तो पिक्चर लागला. आजवर त्यानं तो थिएटरातच बघितलेला, ओळखीच्या माणसांत, टाळ्यांत, आणि बघायचा काय तर स्वतःला. आता घरात एकटाच होता, पडून. नोरीन परत आली तर टीव्ही बंद करून भिंतीकडं बघत बसलेला. म्हणाला, "नोरीन, भाऊ तिकडं भांडतात. मग कॅमेरा माझ्याकडं का येतो?"

ती म्हणाली, असेल काहीतरी त्यांचं कामातलं. तो म्हणाला, नाही. भाऊ पडद्याच्या कडेला गेलेत. अर्धा चेहरा कापलाय एकाचा. मधोमध मी आहे. मुडद्याकडं कशाला आणेल कुणी कॅमेरा?

त्या दिवसापासनं त्याचं जेवण तुटलं. सूप पुढं ठेवलं तर चमचा हलवत बसायचा. मी गेलो की तेच. इरा, तू पलीकडं होतास, तुला काय दिसलं? मी म्हणायचो, मी घोडी आवरत होतो बाबा, माझं लक्ष तिच्या गुडघ्याकडं. हे सगळं खोटं नव्हतं, सगळं खरंही नव्हतं. तो माझ्याकडं बघत राहायचा. लायलला माणूस पडायच्या आधी कुठं पडणार ते कळायचं, मी काय लपवतोय ते कळायला कितीसा वेळ.

याच सुमारास ऑरिनची बहीण वारली आणि बापाचं घर आवरायला तो गावात आला. नोरीन माझ्याकडं आली. बसली नाही. दारातच म्हणाली, "इरा, त्याला माझ्या घरी आण. रविवारी चर्च सुटल्यावर. एकच वाक्य बोलायचंय त्यानं, मग जाऊ दे कुठं जायचं तिथं. किटलच्या म्हाताऱ्याला एका खेचरापायी खोटं सांगून रडवलं ना त्यानं? मग माझ्या माणसाला एक खोटं सांगून झोपू दे. हातखंडाच आहे त्याचा."

मी गेलो. ऑरिन पडवीत बसून चाकूच्या टोकानं डब्यातले मासे खात होता. वाळला होता फार, पण डोक्यावर हॅट होतीच. मला बघून म्हणाला, "तू अजून जिवंत? घोड्यांनी चांगलंच सांभाळलं म्हणायचं तुला." हसलो दोघं. मी मग सरळच सांगितलं. लायल जातोय. त्याच्या डोक्यात काय शिरलंय तेही सांगितलं. आणि नोरीनचा निरोप, तिनं सांगितला तसाच: पाण्यावर ऊन होतं, मला काही दिसलं नाही, लायल, दिसलं असतं तर बुटांसकट उडी मारली असती.

ऑरिननं चाकू पुसला. "हे नोरीननं केलंय?"

"नोरीननं."

"वाक्य बरं आहे. पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं. त्याचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. तिसऱ्यांदाही म्हणायला लावलं. मला बरं वाटलं. ज्यानं जन्मभर नटांना पाठांतर करू दिलं नाही, तो आपल्या मित्रासाठी एक ओळ पाठ करतोय. परत येताना मी नोरीनला म्हणालो, काम झालं.

रविवार उजाडला. लायलनं दाढी करवून घेतली, निळा शर्ट घातला, एका पायातला बूट स्वतः घासून चकचकीत केला आणि उशा लावून खुर्चीत बसला. नोरीननं मांस भाजलं होतं, हिरव्या मिरचीचा रस्सा होता, गोडाला भाजलेले पीच होते. ऑरिन आला तो बूट दाराबाहेर झाडून, पाहुण्यासारखा. लायल म्हणाला, "ये. किती वर्षं लाजशील?" ऑरिन म्हणाला, "तुला बघून कोण लाजेल? बूट तरी किती स्वस्तात पडतात तुला." आणि लायल असा हसला की खोकला लागला. नोरीननं ओठ आवळले, पण हसली तीही.

जेवणं झाली. ऑरिननं काय काय किस्से काढले. छपरावरनं पडलेला लायल खालच्या कोंबड्यांच्या खुराड्यात कसा शिरला आणि मेलेला असूनही खांद्यावर कोंबडी कशी बसून राहिली. बाईचे कपडे घालून एका नटीच्या जागी कसा पडला आणि पाद्री त्या नटीच्या धीटपणाचं कसं कौतुक करून गेला. लायलच्या गालावर रंग आला. मांस खाल्लं, रस्सा मागून घेतला. नोरीन माझ्याकडं बघून मान हलवत होती, बघ म्हणून. त्या तासाभरात मला वाटलं की हा माणूस थंडी काढेल, कुणी सांगावं, वसंतही बघेल.

मग लायलनं ताटली बाजूला सरकवली. "ऑरिन," तो म्हणाला, "एक विचारायचं होतं. नदीवर, मी पडलो तेव्हा. माझा पाय गेलेला तुला दिसत होता का?"

नोरीन कॉफीची किटली घेऊन उभी होती. ती तिथंच थांबली.

"काही असलं तरी चालेल मला," लायल म्हणाला. चालणार नव्हतं, ते त्याच्या हातांवरनं कळत होतं. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर गच्च. "आपण एका बाकावरचे. मी कधी तुला काही मागितलं नाही. खरं काय ते सांग."

मी मनातल्या मनात ते वाक्य म्हणायला लागलो. पाण्यावर ऊन होतं. पाण्यावर ऊन होतं, ऑरिन, बोल. नोरीनचे ओठही हलत होते, मी बघितलं. पलीकडच्या भिंतीवर तिनं लावलेला त्या शॉटचा फोटो होता, चौकटीत. ऑरिननं तिकडं एकदा पाहिलं. मग त्यानं आपली खुर्ची लायलच्या अगदी जवळ ओढली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि हलक्या, मायेच्या आवाजात बोलला. काय बोलला ते शब्दाला शब्द सांगतो.

"दिसत होता, लायल. घोडी तुझ्यावरनं उठली तेव्हाच दिसला, म्हणून तर कॅमेरा तुझ्याकडं आणला. तू खरंखुरं ओरडशील याची वाट बघत मी रीळ संपेपर्यंत थांबलो, आणि तू आपला मुडद्यासारखा पडून राहिलास. मुडदा कुणालाही करता येतो रे. त्या शॉटमध्ये तेवढंच काय ते खोटं आहे."